इंजिनला भोक नाही

सोमवारी सकाळी सातच्या आत मी कारखान्याच्या फाटकातून आत गेले नाही, तर माझी नोकरी संपली. शिफ्टच्या साहेबाने शुक्रवारी मला तसं तोंडावर सांगितलं, तेही केबल गुंडाळत बसलेल्या सगळ्या बायकांसमोर. "दोनदा उशीर झाला, सावेताबाई. तिसऱ्यांदा येण्याची तसदी घेऊ नका." मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. आमच्या तिमोकच्या खोऱ्यात या वयाच्या बाईला पुन्हा कोणी कामावर ठेवत नाही. हे त्याला माहीत होतं, म्हणून तर तो इतकं सावकाश आणि गोड बोलत होता.

आणि उशीर माझ्यामुळे झालाच नव्हता, गाडीमुळे झाला. आमची जर्मन गाडी तीस वर्षांची आहे, पण तिने कधी कुरकुर केली नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी अचानक तिला थांबणंच सोसेना. रस्त्यावर पळताना ठीक, पण ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन हीव भरल्यासारखं थरथरायचं, आवाज वर-खाली व्हायचा आणि ते बंद पडायचं. तिमोक नदीवरच्या पुलाच्या तोंडाशी सिग्नल आहे. दोन्ही वेळा तिथेच बंद पडली. समोर हिरवा दिवा, मागे लाकडाने भरलेले ट्रक, आणि मी आपली किल्ली फिरवतेय. मागचे ड्रायव्हर काय काय बोलले ते मी सांगणार नाही.

हा आजार मला कळतो. इंजिन मोजून मापून हवा आत ओढतं. कुठे रबर चिरलं किंवा सांधा ढिला झाला की तिथून फुकटची हवा शिरते, मग पेट्रोल पुरत नाही आणि इंजिनचा दम जातो. माझा नवरा जर्मनीला कामाला गेला आणि तिकडचाच झाला. त्याची अवजारांची पेटी मात्र मी ठेवून घेतली आणि ती वापरायलाही शिकले. पण नोकरीवरून घरी यायला संध्याकाळ होते, म्हणून गाडी ब्लागोयेकडे नेली.

ब्लागोये मेकॅनिक, शाळेत माझ्या वर्गातला. त्याने त्याच्या यंत्राने इंजिनमध्ये धूर भरला. भोक असेल तिथून धूर बाहेर येतो आणि दिसतो. धूर कुठूनच आला नाही. तो म्हणाला, "सावेता, इंजिनला भोक नाही. हवा शिरतेय हे खरं, पण इंजिनला भोक नाही. दोन दिवस गाडी ठेव, शोधतो." दोन दिवस गाडी ठेवून मी काय चाळीस किलोमीटर चालत जाऊ? मी गाडी तशीच आणली. शुक्रवारी ती पुन्हा पुलावर मेली आणि साहेबाने ते गोड भाषण ठोकलं.

म्हणून शनिवारी, भर बाजारात, मी ब्लागोयेला धरलं. कोपऱ्यावरच्या खानावळीबाहेर तो चारपाच जणांबरोबर कॉफी पीत बसला होता. मी म्हटलं, "इंजिनला भोक नाही म्हणे. मग भोक तुझ्या डोक्याला असेल. तुला येत नसेल तर तसं सांग, लोकांच्या पोटावर पाय कशाला देतोस?" कोबी निवडणाऱ्या बायका हात थांबवून ऐकत होत्या. मला बरं वाटलं, अगदी मोकळं. ब्लागोयेने कप खाली ठेवला आणि फक्त "बरं" म्हणाला. त्या "बरं"ने माझा राग अजूनच वाढला, कारण त्यावर भांडताच येईना.

रविवारी सकाळी मी अंगणात गाडीचं बॉनेट उघडलं. बाबा स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. डोक्यावर कानटोपी, गळ्यात मफलर, पायात एक करडा आणि एक तपकिरी मोजा.

"जोडी का नाही घातली?" मी विचारलं.

"धुवायला टाकलाय."

"महिनाभर एकच मोजा धुतोय का?"

"तू तुझं इंजिन बघ," ते म्हणाले. "आणि ते शेडचं दार लाव. मागनं आणि पुढनं दोन्हीकडून उघडं ठेवलंयस, प्रोमाया होतेय."

प्रोमाया म्हणजे एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघणारा वारा. आमच्याकडे माणसाला अर्धांगवायू होतो तो प्रोमायाने, दात दुखतात ते प्रोमायाने आणि सून रुसून माहेरी जाते तीसुद्धा बहुतेक प्रोमायानेच. पण माझ्या बापाइतका तिला भिणारा माणूस अख्ख्या खोऱ्यात नसेल. चाळीस वर्षं गिरणीच्या बॉयलरवर काढली, त्यामुळे वारा, वाफ आणि पाइप यातलं आपल्याला सगळं कळतं असं त्यांचं मत आहे. प्रत्येक खिडकीच्या फटीत चिंध्या, प्रत्येक दाराखाली गुंडाळलेलं पोतं. जुलै महिन्यातही आमच्या घरात दोन खिडक्या एका वेळी उघडत नाहीत.

डिसेंबरात माझी मान आखडली होती. गाडीच्या डॅशबोर्डवरच्या मधल्या झडपेतून वारा यायचा आणि ती झडप बंद करायचं चाक तुटलेलं होतं. बाबांनी रोज रात्री राकिया, आमची फळांची घरगुती दारू, कोमट करून माझी मान चोळली आणि रोज रात्री तेच ऐकवलं, "प्रोमाया. गाडीतली प्रोमाया." एक दिवस त्यांनी त्या झडपेत फडकं कोंबलं. काच धुक्याने भरली, मला पुढचं दिसेना, आणि मी ते फडकं पुलावरून नदीत फेकलं. घरी येऊन सांगितलं, "माझ्या गाडीला हात लावायचा नाही." ते गप्प बसले. मला वाटलं, एकदाची जिंकले. मान पुढे आपोआप बरी झाली.

तर रविवार. पहिल्यांदा मी द्राक्षवेलींवर औषध मारायचा पंप घेतला, त्यात साधं पाणी भरलं आणि इंजिन चालू ठेवून एकेका सांध्यावर बारीक फवारा मारत गेले. भोकावर पाणी पडलं की ते क्षणभर बुजतं आणि इंजिनचा आवाज बदलतो. तासभर फवारलं. आवाज बदलला नाही, मी मात्र कोपरापर्यंत भिजले. फेब्रुवारीत.

"आजारी पडशील," बाबा दारातून म्हणाले.

"पडू दे."

मग रबरी नळीचा तुकडा कानाला लावून दुसरं टोक इंजिनभर फिरवलं. हवा शिरत असेल तर सूं आवाज येतो. पट्ट्याची कुरकुर ऐकू आली, पंख्याची घरघर ऐकू आली, बाबांचा खोकला ऐकू आला. सूं कुठेच नाही. मी नळी भिंतीवर फेकून मारली. कोंबड्या पळाल्या.

"कोंबड्यांनी काय केलंय?" बाबा.

"तुम्ही आत जाऊन बसा ना. थंडी आहे."

"आत बसून काय करू? इथे निदान करमणूक आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी दात आवळले. शेडमधून मधमाश्यांना धूर द्यायचा भाता आणला, त्यात सुकं गवत पेटवलं. इंजिन बंद केलं, हवा आत घेण्याचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशवीने घट्ट बांधलं, एक नळी सोडवून तिच्यातून धूर आत फुंकला. ब्लागोयेने केलं तेच, फक्त गावठी पद्धतीने. मला त्याला खोटं पाडायचं होतं. एक धुराची रेघ दिसली असती ना, तर मी त्याला हाताला धरून ओढत आणलं असतं. भाता दाबून दाबून माझा अंगठा सुजला. धूर कुठूनच आला नाही. इंजिनला भोक नव्हतं.

मी मडगार्डवर बसले आणि चक्क रडले. दुःखाने नाही, संतापाने. उद्या सात वाजता फाटकापाशी साहेब घड्याळ बघत उभा राहणार, आणि मी पुलावर ट्रकवाल्यांच्या शिव्या खात असणार. बाबा खुर्चीवरून उठले, आत गेले आणि चहा करून घेऊन आले. मी तो घेतला नाही. त्यांनी कप बॅटरीवर ठेवला, तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले, कारण बॅटरीवर कोणी कप ठेवतं का.

एकच उपाय राहिला होता. इंजिन चालू करून पक्कड घेतली आणि इंजिनमधून निघणाऱ्या नळ्या एकेक करून चिमटत गेले. जी नळी चिमटल्यावर इंजिन शांत होईल, तिच्याच वाटेवर कुठेतरी भोक. ब्रेकची जाड नळी चिमटली, काही नाही. दुसरी, तिसरी, काही नाही. मग मागच्या बाजूला करंगळीहून बारीक एक काळी नळी होती, ती चिमटली. आणि इंजिन झोपलेल्या मांजरासारखं शांत गुरगुरायला लागलं.

पक्कड सोडली, थरथर सुरू. पुन्हा चिमटली, शांत. पाच वेळा करून पाहिलं.

ती नळी इंजिनातून पत्रा ओलांडून गाडीच्या आत जाते. आत वाऱ्याच्या झडपा उघडायला आणि मिटायला ती लागते, इंजिनच्याच ओढीवर त्या चालतात. आणि तिच्यात एक छोटं बोंड असतं, ते हवा एकाच दिशेने जाऊ देतं, आतून इंजिनकडे. म्हणजे धूर इंजिनकडून आत जाणारच नव्हता, आयुष्यभर भाता दाबला असता तरी. ब्लागोये खरं बोलत होता, अक्षर न् अक्षर.

मी बॉनेट तसंच टाकून गाडीत शिरले, डाव्या-उजव्या सीटच्या मधे डोकं खाली घालून डॅशबोर्डखाली हात घातला. हाताला काहीतरी मऊ लागलं. मला वाटलं, मेलेला उंदीर. ओढलं तर तो करडा मोजा होता. लोकरीचा, वरच्या काठाला लाल पट्टी, वेली बांधायच्या सुतळीने नळीच्या कापलेल्या तोंडावर घट्ट बांधलेला.

मी तो मोजा हातात धरून दारापाशी गेले. बाबा पायांकडे बघायला लागले.

"हे काय आहे?"

"मोजा," ते म्हणाले.

"गाडीत काय करतोय?"

"तिथनं वारा यायचा. मधल्या झडपेतनं, तुझ्या मानेवर." आता त्यांचा आवाज जरा चढला, बॉयलरवरच्या माणसाचा झाला. "मी नळी कापली आणि झडप आपोआप मिटली. नुसती फडकी कोंबत बसलो नाही, मुळाशी गेलो. चाळीस वर्षं पाइपांत गेलीत माझी."

"आणि मोजा कशाला?"

"मग कापलेलं तोंड उघडं ठेवू? तुझ्या पायाला वारा लागला असता. लोकर आहे ती. लोकरीतनं वारा जात नाही."

"लोकरीतून वारा जात नाही?" माझा आवाज शेजारच्या तीन घरांत गेला असणार. "बाबा, ते इंजिन तीन आठवडे तुमच्या मोज्यातून श्वास घेतंय. पुलावर दोनदा बंद पडलं. त्या मोज्यामुळे सूंसुद्धा ऐकू आलं नाही मला. उद्या माझी नोकरी जाणार होती, कळतंय तुम्हाला?"

"नोकरी दुसरी मिळते. दुसरी मान कुठनं आणशील?"

"नाही मिळत दुसरी. या वयात नाही मिळत. तुमचं औषध त्याच नोकरीवर येतं. मी ब्लागोयेला भर बाजारात काय काय बोलले ठाऊक आहे? तुमच्यामुळे बोलले. मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर नदीत फेकला असतास. फडकं फेकलंसच की."

फेकलाच असता, हे खरं. बाबांनी माझ्या हातातून मोजा घेतला, दोनदा झटकला, सुतळी सोडवून सुतळी एका खिशात आणि मोजा दुसऱ्या खिशात ठेवला. "मला काय माहीत, इंजिन त्याच्यामुळे बंद पडतंय," असं काहीतरी पुटपुटत ते आत गेले आणि जाताना दार लावून घेतलं.

नळीचा वीतभर तुकडा त्यांनी कापून कुठेतरी वापरला होता, तेव्हा जोडायला नवा हवा होता. रविवारी दुकानं बंद. नळी एकाच माणसाकडे मिळणार होती, आणि तो त्याच खानावळीबाहेर, त्याच टेबलावर, त्याच माणसांबरोबर बसलेला असणार होता. आमच्याकडे ज्या जागी माणसाचा पाणउतारा केला, त्याच जागी जाऊन तो मागे घ्यावा लागतो. मागच्या दाराने माफी मागितली तर ती धरत नाहीत. गाडी घेऊन जायची सोय नव्हती, म्हणून मी चालत गेले आणि वाटभर बाबांना शिव्या घातल्या.

ब्लागोये खुर्चीवर रेलून बसला होता. बाकीच्यांनी मला बघून खुर्च्या माझ्याकडे वळवल्या.

"मोजा होता," मी म्हटलं.

"काय?"

"बाबांनी झडपेची नळी कापून तिला मोजा बांधला होता. प्रोमाया होऊ नये म्हणून."

टेबलावरचा एक म्हातारा कॉफीत ठसकला. ब्लागोये हसला नाही. "म्हणजे इंजिनला भोक नव्हतं."

"नव्हतं."

"जरा मोठ्याने. काल तू फार छान ऐकू येत होतीस."

"इंजिनला भोक नव्हतं," मी अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असं म्हटलं. "आणि तुझ्या डोक्यालाही नव्हतं. मी चुकले."

"लोकरीचा होता का?" त्या म्हाताऱ्याने विचारलं. "लोकरीतनं खरंच वारा जात नाही हो."

त्याच्याकडे मी ज्या नजरेने पाहिलं त्याने तो पुन्हा कॉफीकडे वळला. ब्लागोयेने आपला कप संपवला, सावकाश, मला उभं ठेवून. तेवढा हक्क त्याला होता. मग मला गॅरेजवर नेलं, वीतभर नळी कापून दिली आणि शेल्फवरून एक आखूड जाड स्क्रू काढून तोही तळहातावर ठेवला.

"नळी जोडलीस की सगळं पहिल्यासारखं, वारासुद्धा. नाहीतर कापलेल्या तोंडात हा स्क्रू पिळून बसव. इंजिन ठीक होईल, फक्त ती मधली झडप मिटलेली राहील. तुझं तू बघ."

"स्क्रू राहू दे. गाडी माझी आहे, म्हाताऱ्याच्या मर्जीने चालणार नाही."

"राहू दे, पण ने," तो म्हणाला. "तिहोमिरकाकांना माझा नमस्कार सांग. तुझ्या बाबांचा मोजा माझ्या यंत्राला सापडला नसता."

घरी येऊन मी गाडीच्या दारापाशी गुडघे टेकले. डॅशबोर्डखाली पोचायचं तर दुसरा मार्ग नाही. बाहेर जमीन गोठलेली, गुडघ्याखाली खडे, पाठ पिळवटलेली, मान वाकडी करून वर बघायचं, आणि हात एवढ्याशा जागेत घालून बारीक नळी चाचपायची. दोन मिनिटांत माझे पाय सुन्न झाले. आणि मग माझ्या डोक्यात आलं की जानेवारीत, याहून जास्त थंडीत, याच जागी माझा बाप असाच गुडघे टेकून बसला असणार. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. चर्चमध्ये सगळे गुडघे टेकतात तेव्हा हा एकटा उभा राहतो, कारण एकदा खाली गेला की त्याला उठवायला दोघं लागतात. इथे उठवायला कोणीही नव्हतं. कसा उठला असेल, कोण जाणे. दार धरून, सीट धरून. आणि उठल्यावर पायातला मोजा काढून पुन्हा खाली गेला असणार, कारण माझ्या पायाला वारा लागला असता.

मला त्याचा इतका राग आला की डोळ्यांपुढे काही दिसेना. माझं सगळं वाटोळं करायचं आणि त्यावर रागावायचीही सोय ठेवायची नाही, ही कुठली पद्धत? मी हातातल्या नळीकडे पाहिलं. मग ती सीटखाली टाकली, खिशातून स्क्रू काढला आणि कापलेल्या तोंडात पिळून पिळून घट्ट बसवला.

सोमवारी पुलावर सिग्नल लाल झाला. मागे लाकडाचा ट्रक येऊन थांबला. मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि श्वास रोखून बसले. इंजिन शांत गुरगुरत राहिलं, दिवा हिरवा होईपर्यंत आणि नंतरही. सात वाजायला वीस मिनिटं असताना मी फाटकातून आत गेले. साहेबाने घड्याळ पाहिलं आणि त्याला गोड बोलायला काही सापडलं नाही.

संध्याकाळी घरी आले तेव्हा बाबा चुलीपाशी बसले होते, दोन्ही पायांत करडे मोजे. त्यांनी वळून पाहिलं नाही. वाटीत सूप वाढून माझ्यापुढे सरकवलं.

"मान?" त्यांनी विचारलं.

"गाडी ठीक आहे."

"मी मान विचारतोय."

मी चमचा खाली ठेवला. तीन आठवडे माझी मान दुखलेली नव्हती, हे मला त्यांना मरेपर्यंत सांगायचं नव्हतं.

"मागचं दार लावा आधी," मी म्हणाले. "प्रोमाया येतेय."